नल्लकुंट्याचे पाणी आणि टेक्सासचा मासा

आमच्या घरी मासा शिजत नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. तीन पिढ्या नल्लकुंट्यात गेल्या, रामनगरचा मासळी बाजार पायी जाण्याच्या अंतरावर, तरी शिजला नाही. मृगाच्या दिवशी निम्मे हैदराबाद मासे घ्यायला बाहेर पडते, तेव्हा आम्ही तो रस्ता टाळून विद्यानगरकडून वळसा घालतो. त्यामुळे 'अमेरिकेहून आलात, पत्रिकेसाठी चार ओळी लिहून द्या' असे म्हणणाऱ्या संपादकांना आम्ही एका माशावर लिहून देऊ, असे वाटले नसणार. पण नायगरा, डिस्नेलँड आणि तिथली शिस्त यांवर या पानांत आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. आमच्या मनात राहिला तो मासाच.

आम्ही म्हणजे दोघे. एक मास्तर, रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. एक बाई, बँकेतून निवृत्त झालेल्या. लेख दोघांनी मिळून लिहिला आहे. जिथे एकमत झाले नाही तिथे तसे लिहिले आहे.

आमची लेक टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला असते. जावई मालवणकडचे, म्हणजे मासा त्यांच्या रक्तातच. परंतु तिकडे गेल्यावर त्यांना एक वेगळाच नाद लागला. पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी गळाला लावायची, लवचिक काठीने ती पाण्यावर अलगद टाकायची, मासा लागला की त्याला पाण्यातच सोडवून परत जाऊ द्यायचे. खायचे नाही. पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा आमच्यातल्या बाई म्हणाल्या, "खायचं नाही तर टोचायचं कशाला?" जावई हसले. या प्रश्नाचे उत्तर आम्हाला अजूनही पूर्णपणे पटलेले नाही.

ही मासेमारी चालते ती ग्वाडालूप नदीवर. घरापासून मोटारीने तासाभराच्या अंतरावर कॅनियन नावाचे धरण आहे, १९६४ साली पूर्ण झालेले, दोनशे फुटांहून उंच. त्याच्या खाली नदीच्या दोन्ही काठांना सायप्रसची मोठी झाडे, त्यांची मुळे पाण्यात उतरलेली. उन्हाळ्यात शेकडो माणसे मोटारीच्या टायरसारख्या फुगवलेल्या चकत्यांवर बसून, गाणी लावून, बिअर पीत प्रवाहाबरोबर तरंगत जातात. आपल्याकडच्या जत्रेची आठवण व्हावी असा थाट असतो.

आता ट्राउट हा मासा थंड पाण्याचा. इंग्रजांनी हिंदुस्थानात आणला तोही काश्मीर, कुलू, निलगिरी, मुन्नार अशा थंड डोंगरांतच. टेक्सासचा उन्हाळा आपल्या मे महिन्यासारखा, किंबहुना काही दिवस त्याहून कडक. तिथे हा मासा जगतो कसा? मास्तरांनी विचारले आणि उत्तर स्वतःच दिले. उन्हाळ्यात खोल जलाशयाचे थर पडतात. वरचे पाणी तापते, हलके होते आणि वरच राहते. खालचे गार, जड पाणी तळाशी पडून असते, दोघे एकमेकांत मिसळत नाहीत. धरणाचे दार तळाशी असेल तर बाहेर पडते ते हे तळाचे पाणी. आम्ही धरणाच्या अगदी खाली भर जुलैत पाय बुडवले आणि लगेच ओढून घेतले, इतके ते गार होते.

म्हणजे ही थंड नदी देवाने दिलेली नाही. धरणाने केलेली आहे, आणि तीही फार तर दहा-पंधरा मैल. पुढे ऊन आपले काम करते. धरणातून पाणी कमी सोडले तर ते सावकाश वाहते, जास्त वेळ उन्हात राहते आणि लवकर तापते. १९६० च्या दशकापासून तिथे दर हिवाळ्यात ट्राउट सोडतात. हिवाळ्यात काहीच अडचण नसते. प्रश्न येतो तो उन्हाळा काढायचा. या वरच्या काही मैलांत तो निघतो, पण दार कोणी किती उघडले यावर.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही तिकडे होतो. नातू अकरा वर्षांचा. टेक्सासात दुष्काळ होता, धरणाचा तलाव इतका खाली गेला होता की भरल्यापासून एवढा कधी उतरला नव्हता, असे सगळे म्हणत. जावई कामासाठी परगावी गेले होते. जाताना नातवाला सांगून गेले, "उन्हाळ्यात गळ टाकायचा तर सकाळी लवकर, आणि आधी थर्मामीटर पाण्यात." नातवाने मान हलवली.

त्या शनिवारी तो आमच्या मागे लागला. लेकीने दुपारी नदीवर सोडले आणि ती बाजारात गेली. आम्ही सायप्रसच्या सावलीत डबा उघडून बसलो. थर्मामीटर पिशवीतच होते, आम्हाला ठाऊक होते. नातवाने काढले नाही, आम्हीही काढायला सांगितले नाही. अर्ध्या तासाने काठी वाकली. पोराचा चेहरा काय फुलला! मासा चांगला हातभर, अंगावर बारीक काळे ठिपके, कुशीवर गुलाबी पट्टा. बराच वेळ त्याने झुंज दिली. नातवाने तो उचलला तेव्हा आम्ही दोघेही उठून पुढे गेलो, आणि लिहायला लाज वाटते, पण आम्हीच म्हणालो, "थांब, फोटो काढू. थोडा वर धर. इकडे बघ. अजून एक."

मग त्याने मासा पाण्यात सोडला. मासा गेला नाही. कुशीवर पडला आणि तसाच वाहू लागला. नातू गुडघाभर पाण्यात धावला, वडिलांनी शिकवले होते तसे त्याला दोन्ही हातांत धरून तोंड प्रवाहाकडे केले. कल्ले हलत होते, मग थांबून थांबून हलू लागले. दहा-पंधरा मिनिटे पोरगा तसाच उभा होता. आम्हाला काय करावे सुचेना. शेवटी तो काही न बोलता बाहेर आला. त्यानंतर मास्तरांनी थर्मामीटर काढून पाण्यात धरले. चौऱ्याहत्तर अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले तेवीस सेल्सियस.

तेवीस अंश म्हणजे आपल्या हिशेबाने गारच पाणी. नल्लकुंट्यात मे महिन्यात नळाला असे पाणी आले तर आपण धन्य होऊ. ट्राउटला मात्र वीस-एकवीसच्या वर त्रास सुरू होतो आणि पंचविसाच्या आसपास जिवावर बेतते. यात सर्वांत अपराधी वाटले ते मास्तरांना. तीस वर्षे मुलांना फळ्यावर लिहून दिले की तापमान वाढले की पाण्यात वायू कमी विरघळतो. गरम सोड्याची बाटली उघडली की कशी फसफसते, हे उदाहरणही दर वर्षी तेच. दहा अंशाच्या पाण्यात एका लिटरला सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, वीस अंशाला ९.१, तीस अंशाला ७.५. उलट माशाचे शरीर थंड रक्ताचे, पाणी तापले की त्याची भूक, त्याची धडपड, त्याची प्राणवायूची गरज वाढते. मिळकत घटली आणि खर्च वाढला, असे बाईंनी बँकेच्या भाषेत सांगितले. अशा वेळी त्याला झुंजवून दमवायचे आणि वर फोटोसाठी हवेत धरायचे! धावत आलेल्या माणसाचे नाक दाबण्यासारखे ते होते.

तो फोटो आम्ही कोणालाही पाठवला नाही.

जावई परतले तेव्हा नातवाने त्यांना स्वतःच सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच विचारले, "पाणी किती होतं?" नातवाने आकडा सांगितला. आम्ही म्हणालो, "अहो, चूक आमची आहे, त्याची नव्हे." ते म्हणाले, "बाबा, चूक झाली हे खरं. पण त्या आकड्यामागे आणखीही काही आहे." त्या रात्री जेवणानंतर त्यांनी जे सांगितले, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

तिथे ट्राउट मासेमारांचे एक मोठे मंडळ आहे, जावई त्याचे सभासद. ही सगळी हौशी माणसे. शिक्षक, दुकानदार, निवृत्त फौजी. नदीचे पाणी वाटणारे एक प्राधिकरण आहे. शहरे वाढत होती, तेव्हा प्राधिकरणाने कॅनियन तलावातून अधिक पाणी देण्याची परवानगी मागितली. मंडळाच्या लक्षात आले की पाणी वरच्या वर दुसरीकडे गेले तर उन्हाळ्यात नदीत सोडायला उरणार नाही. त्यांनी हरकत घेतली. मोर्चा काढला नाही, पाणी देऊ नका असेही म्हटले नाही. मागणी एकच, उन्हाळ्याच्या महिन्यांत दार अमुक इतके उघडे ठेवा. बोलणी झाली आणि २००१ साली लेखी करार झाला. तलावात पुरेसे पाणी असेल तर उन्हाळ्यात ठरल्याप्रमाणे गार पाणी नदीत सोडायचे.

बाई म्हणाल्या, "तलावात पुरेसं पाणी असेल तर. आणि नसेल तर?"

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाची नजर बरोबर अटीवर जाते. जावई गप्प झाले. मग म्हणाले, "नसेल तर हे असं."

दुष्काळात करार असूनही उपयोग नाही, कारण द्यायला पाणीच नाही. त्यातही, तलाव उतरला की तळाचा गार थरही आक्रसतो. उन्हाळाभर तळातूनच काढत राहिले तर ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत तो संपत येतो, आणि मग त्याच तळाच्या दारातून कोमट पाणी येऊ लागते. मंडळाच्या हाती उरते ते एवढेच, की थर्मामीटर पाहा, वीस-एकवीसच्या वर गेले की गळ गुंडाळून घरी जा. कायदा तसे म्हणत नाही. ही माणसे आपसांत पाळतात.

जावयांनी मोठ्या धरणांच्या गोष्टीही सांगितल्या. कॅलिफोर्नियातील शास्ता धरणाला १९९७ साली एक अवाढव्य पोलादी रचना बसवली, कशासाठी, तर जलाशयाच्या हव्या त्या खोलीवरचे पाणी घेता यावे आणि खाली सामन माशांच्या अंड्यांना गार पाणी मिळावे. कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅनियन धरणाची कथा तर अधिक गुंतागुंतीची. तिथला जलाशय दुष्काळाने इतका उतरला की वरचे कोमट पाणी जनित्रांच्या तोंडाशी आले, आणि त्याबरोबर वरचे खादाड बास मासेही खाली उतरले. २०२२ साली ते खाली अंडी घालताना सापडले. धोका आता ट्राउटपेक्षाही तिथल्या मूळच्या, दुर्मीळ होत चाललेल्या पाठीवर उंचवटा असणाऱ्या माशाला. म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यात खालच्या नळांतून गार पाणी सोडून नदी गार केली. त्या नळांवर जनित्र नाही, तेवढी वीज बुडाली.

इथे आम्हा दोघांचे जुंपले. मास्तरांचे म्हणणे असे, की ट्राउट हा तिथला मासाच नव्हे. धरण नसते तर तो तिथे एक उन्हाळा टिकला नसता. ग्वाडालूप नदीचा स्वतःचा बास मासा आहे, तो टेक्सासचा राज्यमासा आहे, त्याला कोमट पाणी चालते. मग बाहेरून आणून सोडलेल्या माशासाठी, तेही खाण्यासाठी नव्हे तर खेळासाठी, दुष्काळात पाण्यावर हक्क सांगायचा हे कितपत योग्य? माणसांना प्यायला नको का?

बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "पाहुणा आपणच बोलावून आणला ना? साठ वर्षं घरात राहतोय. त्याला पाणी विचारायचं की नाही?"

यावर मास्तरांना लगेच काही बोलता आले नाही. आमचे आजोबा परभणीहून निजामाच्या नोकरीत इथे आले, तेव्हा तेही असेच पाहुणे होते. आपल्या शाळेचे वाचक समजून घेतील. तरीही मास्तरांचा मुद्दा खोटा नाही, आणि तो वाद आजही मिटलेला नाही. एका गोष्टीवर मात्र एकमत झाले. ते गार पाणी खाली शहरांकडे जाणारेच पाणी आहे. नदीतून गेले काय आणि वरच्या वर नळातून गेले काय, पिणाऱ्याला फरक नाही, माशाला आहे.

दुसऱ्या दिवसापासून नातवाने वही घातली. दर शनिवारी सकाळी सात आणि दुपारी चार, दोन ठिकाणी पाणी मोजायचे. गळ घरी. आम्ही तिथे होतो तोवर मास्तर बरोबर जात, बाई आकडे तपासत. नातवाचे अंश फॅरनहाइटचे, आमचे सेल्सियसचे, त्यावरून रोज भांडण. वही अजून चालू आहे.

४ जुलै २०२५ ला त्याच ग्वाडालूपला धरणाच्या बऱ्याच वर, डोंगराळ भागात पहाटे महापूर आला. शंभराहून अधिक माणसे गेली, त्यांत उन्हाळी शिबिराला आलेल्या लहान मुली होत्या. आम्ही इथे रात्रभर फोनला चिकटून होतो. लेकीचे घर सुरक्षित होते. अशा वेळी माशाचा विषय कोणी काढत नाही, आम्हीही काढला नाही. फक्त आठवले, की आपल्या मुशीला २८ सप्टेंबर १९०८ ला असाच पूर येऊन हजारो माणसे बुडाली, आणि त्यानंतरच विश्वेश्वरय्यांना बोलावून उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले. धरण कशासाठी असते हे हैदराबादकरांना वेगळे सांगायला नको.

धरणाच्या खाली राहणारे तर आम्हीही आहोत. हुसेनसागरचा बांध, ज्याला आपण टँकबंड म्हणतो, तो १५६०च्या दशकातला. त्याचे जादा पाणी ज्या नाल्याने मुशीला जाते, तो दोमलगुडा, अशोकनगर, बागलिंगमपल्ली करत नल्लकुंट्यावरून पुढे गोलनाक्याकडे जातो. ऑगस्ट २००० च्या पावसात त्याने काठावरच्या वस्त्यांची काय गत केली, ते पाहिलेले पालक अजून शाळेत भेटतात. एरवी आपण त्याच्याकडे नाकाला रुमाल लावूनच पाहतो. आणि नल्लकुंटा हे नाव तरी कशाचे? तेलुगूत नल्ल म्हणजे काळे, कुंटा म्हणजे लहान तळे. तळ्याचे नाव राहिले, तळे नाही.

परत आल्यावर एका मे महिन्यात पहाटे आम्ही हुसेनसागरवर फिरायला गेलो, तर काठाला मेलेले मासे लागलेले. असे पूर्वीही पाहिले होते. 'काहीतरी विषारी सोडले असणार' असे म्हणून पुढे जात होतो. या वेळी थांबलो. विष असेलही, या तलावात सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी वर्षानुवर्षे आले आहे. पण मासे पहाटेच का मरतात? सांडपाण्यातली घाण कुजताना प्राणवायू खाते. हिरवे शेवाळ दिवसा प्राणवायू देते आणि रात्री तेही घेऊ लागते, म्हणून सूर्य उगवण्याआधी तो सर्वांत कमी असतो. त्यात पाणी कोमट, म्हणजे साठा मुळातच थोडा. आपला तलाव तीस-बत्तीस फूट खोल, तळाशी गार थर राखून ठेवावा अशी सोय त्यात नाही. खालचे दार उघडून काही साधणार नाही. आपल्याकडे जो काही उपाय आहे तो वरच्या अंगाला, येणाऱ्या घाणीत आहे.

मरळ मात्र तगते. रामनगरच्या बाजारात ती घमेल्यात वीतभर पाण्यात जिवंत असते, कारण ती वर येऊन तोंडाने हवा घेऊ शकते. दम्याच्या औषधासाठी मृगाला लोक गिळतात ती याच माशाची पिल्ले. आमच्या गढूळ, गरम डबक्यांचा हा मासा. मास्तर त्याचे फार कौतुक करतात. बाई म्हणतात, सगळ्यांनी मरळच व्हावे अशी अपेक्षा ठेवू नये.

यंदा जूनमध्ये शाळा उघडल्यावर आम्ही दोन थर्मामीटर प्रयोगशाळेत दिली. नववीची काही मुले शनिवारी सकाळी शिक्षकांबरोबर टँकबंडवर जातात, काठावरून दोरीने बादली सोडून पाणी काढतात आणि आकडा लिहितात. नाल्यावर मुलांना नेऊ नये असे शिक्षकांनी ठरवले, ते योग्यच आहे. मेलेले मासे दिसले तर संख्या आणि वेळ लिहायची. एवढेच काम आहे, पण मुले सकाळी साडेसहाला हजर असतात. ज्या पालकांना बरोबर जाता येईल त्यांनी शाळेत नाव द्यावे.

गेल्या रविवारी नातवाचा फोन आला. त्याचा आकडा होता सहासष्ट. म्हणजे नदी ठीक आहे. मग त्याने विचारले, "आणि तुमच्या लेकचं किती?" आम्ही मुलांच्या वहीतला आकडा सांगितला, एकतीस.

"आजोबा," तो दचकून म्हणाला, "म्हणजे बर्फ झालाय?"